देवमासा-दर्शन, हूसाविक (आइसलँड)

आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावरील स्क्याल्फांडी उपसागरात बोटीने जाऊन देवमासे पाहण्याचा व्यवसाय. त्याच्या आधाराने तेथे सागरी सस्तन प्राण्यांचे संशोधनही वाढले आहे. हूसाविक हे मुख्य बंदर आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेस सु. ५५ किमी. अंतरावर आहे. हंगाम साधारणपणे एप्रिल ते ऑक्टोबर.

देवमासे दाखवण्याच्या व्यवसायाचा जगात आरंभ केव्हा झाला, याविषयी एकमत नाही. अमेरिकेत सॅन डिएगो येथे १९५० मध्ये किनाऱ्यावरील उंचवट्यावरून करडे देवमासे पाहण्याची सार्वजनिक सोय झाली. तेथेच १९५५ मध्ये माणशी एक डॉलर घेऊन बोटीची फेरी सुरू झाली. शुल्क हा निकष धरल्यास १९५५ हे वर्ष अधिक ग्राह्य ठरते. उत्तर अटलांटिकमध्ये कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाकडील फेऱ्या (१९७१) आद्य मानल्या जातात. नॉर्वेतील आंदेनेसचा प्रारंभ १९८० च्या दशकाच्या अखेरचा. आइसलँडमध्ये हॉफ्न येथून १९९१ मध्ये, तर हूसाविकहून १९९५ मध्ये फेऱ्या सुरू झाल्या. कालक्रमाने मान हॉफ्नचा आहे. तथापि पुढे देशभर रुजलेले रूप हूसाविकला घडले, असे म्हणता येईल. मासेमारीवर कोटा आल्यानंतर लहान लाकडी बोटी निरुपयोगी ठरून कित्येक मोडीत निघाल्या. हूसाविकच्या नावाड्यांनी ओक लाकडाच्या अशा काही बोटी डागडुजी करून प्रवाशांसाठी वापरात आणल्या. गावातील देवमासा संग्रहालय १९९७ चे असून, उत्तर किनाऱ्यावर २०१० मध्ये वाहून आलेल्या नील देवमाशाचा सु. २५ मी. लांबीचा सांगाडा तेथे मांडलेला आहे.

उपसागराला स्क्याल्फांडाफ्लयोट व लाक्साव या नद्या मिळतात. त्यांचे गोडे पाणी व समुद्री प्रवाह यांच्या संयोगाने वसंतात प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतात आणि त्यांवर जगणारे क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) व कॅपेलिन नावाचे लहान मासे देवमाशांना खेचून आणतात, असे सामान्यतः मानले जाते. आरंभीच्या वर्षांत मिंक देवमासा अधिक दिसे. अलीकडे हंपबॅक (कुबडा देवमासा) प्रमुख झाला आहे. नील देवमासा मुख्यतः उन्हाळ्याच्या सुरुवातीस येतो. पांढऱ्या चोचीचे डॉल्फिनही नित्याचे आहेत.

फेरी सु. तीन तासांची असते. प्रवाशांना जाड, वाराविरोधक अंगरखे दिले जातात. वाटाड्या दिशा घड्याळाच्या काट्यांनी सांगतो: नाळ (बोटीचे पुढचे टोक) म्हणजे बारा, उजवी बाजू म्हणजे तीन. प्रथम दिसतो तो श्वास सोडतानाचा फवारा. नील देवमाशाचा उंच व सरळ, सु. ९ मी.पर्यंत, हंपबॅकचा बुटका व झुडपासारखा, मिंकचा बहुधा दिसतच नाही. हंपबॅक काही श्वास घेऊन पाठीची कमान करतो, शेपटी पाण्याबाहेर उचलतो आणि बुडी मारतो. त्या जागी लाटांमध्ये तेल सांडल्यासारखा गुळगुळीत वर्तुळाकार पट्टा काही काळ राहतो. त्यावरून अनुभवी नावाडी त्याच्या मार्गाचा अंदाज घेतात.

शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक हंपबॅकची वेगळी असते. या आधारावर १९७० च्या दशकापासून उत्तर अटलांटिकमधील प्राण्यांची छायाचित्र-सूची तयार होत आली आहे, आणि प्रवाशांच्या बोटींवरून घेतलेली छायाचित्रेही तीत उपयोगी पडतात. आइसलँडजवळ चरणारे हंपबॅक प्रजननासाठी वेस्ट इंडीज व केप व्हर्दे बेटांकडे जातात हे अशाच जुळण्यांतून पुढे आले. सर्वच प्राणी हिवाळ्यात दक्षिणेस जातात, ही जुनी समजूत मात्र आता सैल झाली आहे. स्क्याल्फांडीच्या तळाशी ठेवलेल्या ध्वनिग्राहकांवर ऐन हिवाळ्यात नरांची गाणी नोंदली गेली (प्रसिद्धी २०१४). गायन हे प्रजननक्षेत्राचे लक्षण मानले जात असल्याने त्याचा अर्थ लावताना मतभेद होतात: काहींच्या मते हे उशिरा निघालेले प्राणी, तर काहींच्या मते निदान काही नर उत्तरेतच हिवाळा काढतात. दोन्ही शक्यता एकाच वेळी खऱ्या असू शकतात. अरबी समुद्रातील हंपबॅक तर असे दीर्घ स्थलांतर करीतच नाहीत; त्यामुळे या जातीला एकच ठरीव वेळापत्रक लावणे धोक्याचे आहे.

आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाची व्यापारी शिकारबंदी १९८६ पासून लागू झाली. आइसलँडने १९९२ मध्ये आयोग सोडला, २००२ मध्ये पुन्हा प्रवेश केला आणि २००६ मध्ये व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. परिणामी शिकार व दर्शन हे दोन्ही व्यवसाय एकाच देशात शेजारी नांदले.

बोटींचा उपद्रव हा अधिक कळीचा प्रश्न आहे. राजधानी रेक्याविकजवळील फाक्साफ्लोई उपसागरातील अभ्यासात (२०१३) बोटी जवळ असताना मिंक कमी काळ चरतात असे आढळले. त्याच संशोधकांच्या पुढील गणितात (२०१५) गर्भवाढीवरील परिणाम अल्प ठरला. तो निष्कर्ष तेव्हाच्या फेऱ्यांच्या प्रमाणापुरताच घ्यावा. देशातील वार्षिक प्रवासी १९९५ मध्ये काही हजार होते. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते तीन लाखांवर गेले. व्यावसायिकांच्या संघटनेने आचारसंहिता केली आहे: प्राण्याजवळ वेग कमी करावा, एकाएकी दिशा बदलू नये, वाट अडवू नये. ‘ओपाल’ ही हूसाविकची शिडाची नौका २०१५ मध्ये विजेवर चालणारी करण्यात आली. देवमाशांजवळ ती डिझेल इंजिन न लावता जाऊ शकते, आणि वारा मिळाल्यास शिडांच्या वेगाने फिरणारा तिचा पाण्यातील पंखा बॅटरीही भरतो.