फुलं वाळली का, हे बरणीतल्या हवेला विचारा

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि बहुतेक प्रांतांत एका घरात चार झाडं लावता येतात. क्वेबेकने घरी लावायला बंदी घातली आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. भारतात अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली विनापरवाना झाड लावणं हा सरळ गुन्हा आहे, तेव्हा इथे जे लिहितोय ते तिकडच्या घरांबद्दल आहे. गांजा म्हणजे या झाडाची वाळवलेली फुलं, आणि ती वाळवण्यामागचं सायन्स भारी आहे आणि ते नीट समजून न घेतल्याने लोक तीन-चार महिने जीव लावून वाढवलेलं झाड शेवटच्या दोन आठवड्यांत, वाळवताना, घालवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ताज्या कापलेल्या फुलात साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. म्हणजे १०० ग्रॅम ओलं फूल नीट वाळलं की जेमतेम २५ ग्रॅम उरतं, आणि त्या २५ ग्रॅममध्येही १०-१२ टक्के पाणी असतंच, असायलाच हवं. पण किती पाणी आहे यापेक्षा ते पाणी किती मोकळं आहे हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. काही पाणी वनस्पतीच्या तंतूंना घट्ट चिकटलेलं असतं, ते बुरशीला वापरता येत नाही, जे मोकळं असतं त्यावर बुरशी जगते. ऑस्ट्रेलियातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५० च्या दशकात हे अन्नातल्या जंतूंवर काम करून दाखवलं. या मोकळेपणाच्या मापाला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात, शुद्ध पाण्याची १ आणि खाली शून्यापर्यंत. ०.६० च्या खाली कुठलाच जंतू वाढत नाही, ०.७० च्या वर गेलं की अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशींना हळूहळू रान मोकळं होत जातं. म्हणून वाळलेल्या गांजासाठी ०.५५ ते ०.६५ हा पट्टा स्टँडर्ड म्हणून ठरलाय.

आता हे मोजायचं कसं, लॅबचं मशीन तर महाग असतं. तर गंमत अशी की फुलं बंद बरणीत ठेवली की फुलातलं पाणी आणि बरणीतली हवा काही तासांत एकमेकांशी जुळवून घेतात आणि मग हवेची ह्युमिडिटी म्हणजेच फुलाची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, फक्त टक्क्यात. बरणीत ६२ टक्के दिसलं म्हणजे फूल ०.६२ वर आहे. छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे ह्युमिडिटी मोजायचं यंत्र, बरणीत टाकला की काम झालं. फक्त तो हायग्रोमीटर खरं बोलतोय का ते आधी बघून घ्या, स्वस्तातले चार-पाच टक्के सहज चुकतात. त्यासाठी आपलं साधं मीठ पुरतं. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ना, ते हवा ७५ टक्क्यांच्या वर गेली म्हणून सुटतं, कारण मीठ आणि त्याचं गच्च द्रावण एकत्र असलं की भोवतालची हवा बरोबर ७५ वर येऊन थांबते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, ते आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७९ दाखवत असेल तर तो चार जास्त दाखवतोय, पुढे प्रत्येक वेळी चार वजा करायचे. बाजारात ५८ किंवा ६२ लिहिलेली जी ह्युमिडिटीची पाकिटं मिळतात त्यांच्यामागे हेच तत्त्व आहे, जास्त झालं तर ओढून घेतात, कमी झालं तर सोडतात.

आता खोलीकडे या. झाडं वाळवताना साधारण १६ ते २० डिग्री आणि ५५ ते ६० टक्के ह्युमिडिटी, अंधार, आणि हवा हलती पण पंखा थेट फुलांवर नाही, असं ठेवलं की १० ते १४ दिवसांत होतं. हे लिहायला सोपं आहे, पण ओंटारियोमध्ये बाहेर लावलेली झाडं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापायला येतात तेव्हा हवा ओली असते, डिह्युमिडिफायर लावावा लागतो. आणि तेच घर जानेवारीत वाळवंट होतं. उणे १० डिग्रीच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त सव्वादोन-अडीच ग्रॅम वाफ मावते, २० डिग्रीला १७ ग्रॅमच्या वर. बाहेरची थंड हवा आत येऊन हीटिंगने तापली की तिची ह्युमिडिटी १०-१५ टक्क्यांवर पडते, स्वयंपाक आणि आंघोळीची वाफ मिळून घर कसंबसं २५-३० ला राहतं. अशा हवेत फूल तीन-चार दिवसांत बाहेरून कुरकुरीत होतं पण आतला देठ ओलाच, आणि बाहेरचा थर इतका सुकलेला की आतल्या ओलीला बाहेर यायला वाट उरत नाही. शिवाय कापल्यावरही पानाच्या पेशी लगेच मरत नाहीत, पाणी आहे तोवर त्यांची एन्झाइम्स काम करत राहतात, झटकन सुकवलं की ते काम मध्येच थांबतं आणि गवताचा वास तसाच राहतो. आणि मायर्सीन, लिमोनीन, पायनीन ही सुगंधी द्रव्यं उडून जाणारी आहेत, गरम कोरड्या हवेत ती आधी जातात.

अजून एक, याकडे फार कोणी बघत नाही. खोलीच्या मध्यभागी २० डिग्री आणि ६० टक्के, सगळं छान, पण फुलं बाहेरच्या थंड भिंतीला टेकून टांगलीयत आणि ती भिंत १४ डिग्रीला आहे. तीच हवा भिंतीजवळ गार होऊन ८८ टक्क्यांच्या आसपास जाते! बुरशी बरोबर तिथेच धरते. म्हणून हायग्रोमीटर फुलांजवळ टांगा, खोलीच्या टेबलावर नाही.

काडी कटकन मोडली की झालं असं सगळे सांगतात, तो अंदाज म्हणून ठीक आहे. त्यापेक्षा एक फांदी वेगळी ठेवून रोज वजन करा, आधी भराभर उतरतं मग मंदावतं, आणि मूळच्या पाव हिश्शाजवळ आलं की बरणीत भरा. पहिल्या दिवशी बरणीत ५८ दिसेल आणि संध्याकाळपर्यंत ६८ होईल, घाबरू नका, आतली ओल बाहेर येतेय, झाकण उघडून थोडी हवा खेळू द्या आणि परत बंद करा. ७० च्या वर गेलं तर मात्र फुलं बाहेर काढून परत काही तास पसरायची. असं दोन-तीन आठवडे करत गेलं की आकडा ६० च्या आसपास स्थिर होतो, मग बरणी थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा, कारण उजेड आणि ऑक्सिजनने टीएचसीचं, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या मुख्य द्रव्याचं, हळूहळू सीबीएन हे त्याहून सौम्य द्रव्य होत जातं.

आणि बुरशी दिसली तर तेवढा भाग कापून बाकीचं वाचवायला जाऊ नका. परत वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, बीजाणू मरत नाहीत, आणि ओढताना लागणाऱ्या उष्णतेने ते सगळे मरतीलच असंही नाही. कॅनडात बरेच पेशंट स्वतःच्या औषधासाठी परवानगी घेऊन घरीच झाडं लावतात, त्यातले काही केमोवर असतात, काहींचं ट्रान्सप्लांट झालेलं असतं, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना गांजातल्या अ‍ॅस्परजिलसमुळे फुफ्फुसाचं गंभीर इन्फेक्शन झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. अशा घरात बरणीतला आकडा रोज बघा, आणि शंका आली तर ती अख्खी बरणी फेकून द्या.