कामगारांच्या डॉर्मिटरी: कारखान्यात घडवलेल्या की जागेवर बांधलेल्या?

23 जुलै 2024 रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी डॉर्मिटरी पद्धतीच्या भाड्याच्या निवासांना सार्वजनिक-खासगी भागीदारीतून आणि व्यवहार्यता तफावत निधीच्या (प्रकल्पाला कमी पडणारी रक्कम सरकारने भरून काढण्याच्या) आधाराने चालना देण्याची घोषणा झाली. पुढच्याच महिन्यात तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळच्या वल्लम वडगाल येथे 18,720 महिला कामगारांसाठी 706.50 कोटी रुपये खर्चून उभारलेल्या संकुलाचे उद्घाटन झाले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर निवास उभारायचे तर कारखान्यात तयार केलेल्या खोल्या आणून जोडाव्यात, की नेहमीप्रमाणे जागेवर सळई बांधून, स्लॅब ओतून आणि विटा रचून बांधाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचा वाटतो. मागचा इतिहास मात्र सांगतो की त्याचे उत्तर बहुतेक वेळा अभियंत्यांनी दिलेलेच नाही. राहणारा माणूस इथे किती दिवस राहील, याविषयी पैसे खर्च करणाऱ्याने जे गृहीत धरले, त्यावरून बांधकामाची पद्धत ठरत आली आहे.

मुंबईत सामुदायिक निवासाची सुरुवात कोणत्याही योजनेतून झाली नाही. कोकणातल्या गावांनी गिरणगावात भाड्याने घेतलेल्या मंडळांच्या खोल्यांत एकेका गावचे कितीतरी पुरुष पाळीपाळीने झोपत; प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी, आणि जेवण खानावळीत. गोव्याहून बोटीवर काम शोधायला येणाऱ्या खलाशांसाठी धोबी तलाव परिसरात गावोगावचे ‘कूड’, म्हणजे गावाने चालवलेले सामाईक निवास, होते आणि त्यांतले काही अजूनही चालू आहेत. या व्यवस्थेत इमारत आयती घेतलेली असे. नियम, वर्गणी आणि जागेचे वाटप तेवढे गावाचे.

सरकारने यात मोठ्या प्रमाणावर हात घातला तो 1920 मध्ये, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या रूपाने. कापसाच्या गाठींवर जकात बसवून 50,000 खोल्या बांधण्याचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग (तेव्हाचा डिलाईल रोड) आणि शिवडी येथे 207 चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळीत तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली 160 चौरस फुटांची आणि संडास सामाईक. या इमारती आरसीसीच्या, जागेवर ओतलेल्या. मात्र एकच नकाशा शेकडो वेळा छापावा तशी त्यांची रचना होती, आणि आज मॉड्यूलर, म्हणजे कारखान्यात घडवलेल्या खोल्या जोडून करायच्या, बांधकामाचे समर्थक ज्या पुनरावृत्तीचे कौतुक करतात ती सगळी तिच्यात होती. तरीही पहिली काही वर्षे असंख्य खोल्या रिकाम्या पडून राहिल्या, कारण वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब, भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेर आणि सोयी तुटपुंज्या. बांधकामाचा वेग आणि पद्धत ठीक असूनही निवास फसू शकतो, याचे हे आपल्याकडचे पहिले ठळक उदाहरण. पुढे त्याच खोल्यांत कुटुंबांच्या पिढ्या नांदल्या आणि इमारती शंभर वर्षे टिकल्या, हा भाग बांधणाऱ्यांच्या हिशेबात नव्हता.

कारखान्यात घर घडवण्याचा प्रयोग भारतात फाळणीनंतर झाला. निर्वासितांना तातडीने छप्पर द्यायचे होते. पूर्वी म्हैसूर संस्थानाचे मुख्य वास्तुविशारद असलेले आणि तेव्हा केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक असलेले ऑटो कोनिग्सबर्गर यांच्या पुढाकाराने दिल्लीत सरकारी हाउसिंग फॅक्टरी उभी राहिली. सच्छिद्र, हलक्या काँक्रीटचे भिंतीएवढे पॅनेल तयार करून ते जागेवर जोडायचे, ही कल्पना कागदावर निर्दोष होती. पण पॅनेलना तडे जाऊ लागले, हाताळताना ते तुटू लागले आणि संसदेत प्रश्न विचारले गेले. 1953 मध्ये त्याच कारखान्याची हिंदुस्तान हाउसिंग फॅक्टरी लिमिटेड ही कंपनी झाली आणि तिने विजेचे खांब, रेल्वेचे स्लीपर अशा पूर्वप्रतिबलित (आतल्या तारा आधीच ताणून ठेवलेल्या) काँक्रीटच्या वस्तूंवर जम बसवला; तिचे पुढचे नाव हिंदुस्तान प्रीफॅब. या अपयशाचा परिणाम कारखान्यापुरता राहिला नाही. तयार भागांचे घर म्हणजे सरकारी फजिती, हा समज सार्वजनिक बांधकाम खात्यांत दीर्घकाळ टिकला, आणि 16 मे 1968 रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या पॅनेल जोडून बांधलेल्या 22 मजली इमारतीचा एक कोपरा गॅसच्या स्फोटाने वरपासून खालपर्यंत कोसळल्यावर त्याला जगभरातूनच पुष्टी मिळाली. तिथे पॅनेल मजबूत होते, सांधे कच्चे होते. हा फरक लक्षात घेण्याइतका धीर फार थोड्यांनी दाखवला. पुण्यात बी. जी. शिर्के यांनी स्वीडिश सिपोरेक्स तंत्र आणून हलक्या काँक्रीटचे ठोकळे आणि स्लॅब मुंढव्यात तयार केले आणि तयार भागांची पद्धत चिकाटीने चालवली, ती याच प्रतिकूल वातावरणात.

दरम्यान कामगारांच्या निवासाची गाडी वेगळ्याच रुळांवर गेली होती. इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याच्या कलम 34 ने मालकावर बंधन घातले की, काम चालू असेपर्यंत कामगारांना कामाच्या जागी किंवा शक्य तितक्या जवळ तात्पुरता निवास विनामूल्य द्यावा, त्यात स्वयंपाक, आंघोळ, धुणे आणि शौचालयाची सोय असावी, आणि काम संपल्यावर तो पाडून जमीन पूर्ववत करावी. म्हणजे निवास हटवणे हेही कायद्यातच लिहिलेले होते. अशा तरतुदीत पक्के बांधकाम करणारा ठेकेदार मिळणे अशक्यच. आधी पत्र्याच्या झोपड्या आल्या आणि पुढे मोठ्या कंपन्यांच्या लेबर कॅम्पांत पोर्टा केबिन आल्या. त्या क्रेनने उचलता येतात, पुढच्या साइटवर नेता येतात, त्यामुळे हिशेबात त्या खर्च नसून मालमत्ता ठरतात. रंगवलेल्या दोन पत्र्यांमध्ये थर्माकोल किंवा पफ (पॉलियुरेथेनचा फेस) भरलेली, जेमतेम 50 मिलिमीटर जाडीची ही भिंत असते. तिच्यात खिळा धरत नाही, म्हणून कपडे वाळत घालायला एका कॉटपासून दुसऱ्या कॉटपर्यंत दोऱ्या बांधलेल्या दिसतात. वैशाखात पंखा फक्त गरम हवा फिरवतो. आणि थर्माकोल भरलेल्या पॅनेलला आग लागली तर ती दोन पत्र्यांच्या आत पसरते, बाहेरून पाणी मारून हाती फारसे लागत नाही. आपल्याकडे मॉड्यूलर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यासमोर हीच केबिन येते. काँक्रीटच्या तयार खोल्यांना तिची बदनामी अकारण सोसावी लागते.

दोन पद्धतींतला तांत्रिक फरक थोडक्यात असा. तयार खोलीत एकीकडे पाया खोदला जात असताना दुसरीकडे नळ, वायरिंग आणि फरशीसकट खोली कारखान्यात पूर्ण होते, त्यामुळे वेळ वाचतो. पण दोन खोल्या शेजारी आल्या की भिंती दुहेरी होतात, आणि भारतातील नियमांनुसार वाहनाची रुंदी 2.6 मीटरपेक्षा जास्त नसावी, त्यामुळे त्याहून रुंद खोली न्यायची तर ओडीसीची, म्हणजे जादा आकाराच्या मालाची परवानगी लागते. भिंतींची जाडी वजा केल्यावर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फुटांच्या कॉट लावल्या, तर मध्ये तीन फुटांची वाट उरते. डॉर्मिटरीची खोली रस्त्याच्या नियमाने आखली जाते, ती अशी. पैशांची गोष्टही वेगळी: जागेवरच्या बांधकामात कंत्राटदार आरए बिले, म्हणजे झालेल्या कामापुरती टप्प्याटप्प्याची बिले, टाकत जातो, तर कारखाना आधी आगाऊ रक्कम मागतो. मजुरी स्वस्त असलेल्या देशात हा हिशेब बऱ्याचदा विटांच्या बाजूने झुकतो.

मजुरी महाग असेल तर काय होते, हे सिंगापूरने दाखवले. परदेशी मजुरांवरचे अवलंबित्व कमी करण्यासाठी तेथील सरकारने नोव्हेंबर 2014 पासून ठरावीक सरकारी भूखंडांवर तयार खोल्यांची पद्धत सक्तीची केली. नानयांग विद्यापीठाची 2016 मधील नॉर्थ हिल वसतिगृहे याच पद्धतीने उभी राहिली. 2020 मध्ये कोविड शिरला तो मुख्यतः परदेशी मजुरांच्या डॉर्मिटरींत, आणि वर्षअखेरीस तिथल्या जवळपास निम्म्या रहिवाशांना संसर्ग होऊन गेल्याचे स्पष्ट झाले. त्याच वर्षी 1 जूनला सरकारने झटपट बांधायच्या मॉड्यूलर डॉर्मिटरी जाहीर केल्या: खोलीत जास्तीत जास्त 10 जण, माणशी किमान 6 चौरस मीटर, पाच जणांत एक शौचालय. आधी 15 जणांत एक होते. ज्या मजुरांची गरज कमी व्हावी म्हणून ही पद्धत रुजवली, त्यांनाच तिने तातडीने आसरा दिला. त्या इमारती दोन-तीन वर्षांसाठी होत्या. मागणी हटेना, तेव्हा काहींची मुदत वाढवावी लागली. सप्टेंबर 2021 च्या कायम मानकांत सामाईक जागा वगळून माणशी 4.2 चौरस मीटर आणि खोलीत 12 जण असा आकडा आला. क्षेत्रफळात सामाईक जागा धरली आहे की नाही हे न पाहता असे आकडे शेजारी ठेवले तर फसगत होते.

भारतात जुलै 2020 मध्ये आलेल्या परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांच्या योजनेने हीच गाठ दोन बाजूंनी सोडवण्याचा प्रयत्न केला. नावीन्यपूर्ण तंत्र वापरणाऱ्या प्रकल्पाला डॉर्मिटरीच्या प्रत्येक खाटेमागे 20,000 रुपयांचे अनुदान ठेवले, आणि संकुल चालवण्याचा कालावधी 25 वर्षांचा धरला. अनुदान पाहून ठेकेदाराने पॅनेलची केबिन पुढे करावी, तर 25 वर्षांची देखभाल त्याच्याच गळ्यात पडते. त्यामुळे अशा कराराखाली प्रीकास्ट (कारखान्यात आधी ओतलेले) काँक्रीट किंवा साधी आरसीसी इमारत हेच पर्याय खऱ्या अर्थाने उरतात. बांधकामाच्या साइटवर, जिथे मुदत दोन-तीन वर्षांची आणि जमीन दुसऱ्याची, तिथे केबिनच येते. 2024 च्या घोषणेखालील प्रकल्पांतही तंत्राच्या रकान्याआधी कराराची मुदत वाचावी लागेल आणि ती संपल्यावर इमारत कोणाची, हे कलम पाहावे लागेल.