नव्या दालनाची पहिली रांग

राणीबागेतल्या पेंग्विन कक्षाचं उद्घाटन १७ मार्च २०१७ ला झालं. शुक्रवार होता. त्याला लागून आलेला शनिवार-रविवार ज्यांनी भायखळ्यात काढला, त्यांना तो अजून आठवत असेल. दक्षिण कोरियातल्या सोलहून आदल्या जुलैमध्ये आठ हम्बोल्ट पेंग्विन आले होते, त्यातला एक ऑक्टोबरात दगावला. उरलेले सात बघायला अख्खी मुंबई लोटली. महिनाअखेरपर्यंत पेंग्विन बघायला वेगळे पैसे पडणार नव्हते, परीक्षा संपत आल्या होत्या आणि ऊन अंगावर येत होतं. मी सहा वर्षांच्या भाच्याला घेऊन गेले होते. काचेपाशी पोचलो तेव्हा तो माझ्या खांद्यावर झोपला होता. मागून ‘पुढे चला, पुढे चला’ चालू होतं. त्याला हलवून जागं करेपर्यंत आम्ही बाहेरच्या दारात होतो.

तेव्हापासून रांग या गोष्टीकडे मी लक्ष देऊन बघते. परदेशातल्या एखाद्या थीम पार्कात नवा विभाग उघडला की आता आपल्याकडच्या फोनवरही आकडे फिरायला लागतात: या पाळण्याला १८० मिनिटं, त्याला २४० मिनिटं. सुट्टीत टोकियो, ओसाका, ऑरलँडोला जाणारी मराठी कुटुंबं वाढली आहेत आणि त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, की एवढी रांग लागते तरी कशी? याचं उत्तर ‘गर्दी फार’ एवढ्यावर संपत नाही. त्यामागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

त्याआधी जत्रा होत्या. माउंट मेरीची जत्रा, माहीमचा उरूस, गावोगावचे देवांचे उत्सव. तिथे पाळणे असत, गर्दीही असे, पण अशी रांग नसे. पाळणेवाला पाळणा भरेपर्यंत थांबायचा आणि भरला की फिरवायचा. गर्दी जास्त असली तर फेरा आखूड करायचा. दर फेऱ्याला वेगळे पैसे असल्यामुळे एकाच पाळण्यावर कुणी दिवसभर बसत नसे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती महत्त्वाची ठरते.

कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला डिस्नीलँड उघडलं १७ जुलै १९५५ ला. तो दिवस निमंत्रितांचा होता. पण बनावट तिकिटं छापली गेली आणि साधारण २८,००० माणसं आत आली. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. नुकतंच घातलेलं डांबर इतकं मऊ होतं की बायकांच्या सँडलच्या टाचा त्यात रुतल्या. प्लंबरांचा संप झाल्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि शौचालयं यांतलं एकच काहीतरी वेळेत तयार होणार होतं. मालकांनी शौचालयं निवडली. भर उन्हात आलेल्या लोकांना प्यायला पाणी नाही, ही थीम पार्कच्या इतिहासाची सुरुवात आहे. नव्या दालनाची घाई आणि माणसांच्या साध्या गरजा यांची टक्कर पहिल्याच दिवशी झाली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथे तिकिटांची पुस्तिका आली. आत अ, ब, क अशा दर्जाची कुपनं. पुढे ड आला आणि १९५९ मध्ये सगळ्यात वरचा, इ. सगळ्यांना हव्या असणाऱ्या राइडला इ कुपन लागायचं आणि ती पुस्तिकेत मोजकीच असायची. त्यामुळे माणूस विचार करून खर्च करायचा. लहान पाळण्यांची कुपनं वाया जाऊ नयेत म्हणून लोक तिकडेही वळायचे. गर्दी आपोआप पसरायची. १९८२ मध्ये ही पद्धत गेली आणि एकदा दारात पैसे भरले की आत सगळं मोकळं, असं झालं. घरच्यांच्या दृष्टीने सोयीचंच, सारखं पाकीट काढायला नको. पण जिथे प्रत्येक फेऱ्याची किंमत शून्य झाली तिथे सगळ्यांनी सगळ्यात भारी राइडकडेच धाव घेतली. पैशात द्यायची किंमत वेळेत द्यावी लागू लागली. आज जगभरातल्या बहुतेक मोठ्या पार्कांत, खोपोलीजवळच्या इमॅजिकातसुद्धा, हीच पद्धत आहे.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय फलकावरचे आकडे कळत नाहीत. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ मध्ये फोन कॉलच्या आवकीचं गणित मांडलं. किती तारा असल्या म्हणजे लोकांना ताटकळावं लागणार नाही, हा त्याचा प्रश्न. रांगांचं शास्त्र तिथून सुरू झालं. १९६१ मध्ये जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने त्यातला एक नियम सिद्ध केला, तो इतका साधा आहे की भाजीच्या लाइनीतही लावता येतो: रांगेत उभी असलेली माणसं भागिले तासाला आत जाणारी माणसं, म्हणजे तुमची वाट. समजा, एका गाडीत २० जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला ६०० माणसं झाली. तुमच्यापुढे १,८०० असतील तर तीन तास. मध्ये वीस मिनिटं गाडी बंद पडली तर २०० जणांची जागा गेली, आणि ती भरून निघत नाही. पट्टा लावायला, पिशवी ठेवायला, घाबरलेल्या पोराला समजावायला प्रत्येक गाडीमागे अर्धा मिनिट जास्त लागला, तर ६०० चे ४८० होतात. तेच १,८०० लोक मग पावणेचार तास उभे राहतात.

नव्या विभागाचं दुखणं नेमकं इथे आहे. उघडल्यावरच्या पहिल्या आठवड्यात गर्दी सगळ्यात जास्त असते आणि यंत्र सगळ्यात कच्चं असतं. कर्मचारी नवे, बिघाड वारंवार, कुठला सेन्सर कशाने अडतो ते अजून कुणाला कळलेलं नसतं. वरचा आकडा सगळ्यात मोठा आणि खालचा सगळ्यात लहान, त्यामुळे भागाकार फुगतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात हे अगदी शेजारी-शेजारी बघायला मिळालं. ३१ मे ला अ‍ॅनाहाइमच्या डिस्नीलँडमध्ये स्टार वॉर्सवर बेतलेला विभाग उघडला. पहिले काही आठवडे आधी नाव नोंदवल्याशिवाय आत सोडायचं नाही, प्रत्येकाला चार तास, मनगटावर रंगीत पट्टी, वेळ संपली की बाहेर. ज्या गर्दीची धास्ती होती ती झालीच नाही. दोनच आठवड्यांनी, १३ जूनला, ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमध्ये हॅरी पॉटरच्या विभागात हॅग्रिडच्या मोटरसायकलची नवी राइड सुरू झाली. तिथे असं काही बंधन नव्हतं. पहिल्याच दिवशी वाट बघण्याचा काळ दहा तासांवर गेला. पहाटेपासून आलेले लोक संध्याकाळी बसले. त्याच विभागाने २०१० साली पहिल्यांदा उघडताना तासन्‌तासांच्या रांगा पाहिल्या होत्या, म्हणजे अंदाज नव्हता असं म्हणता येत नाही.

ओसाकाच्या युनिव्हर्सलमध्ये मार्च २०२१ ला निन्तेन्दो या व्हिडिओ गेम कंपनीचा विभाग उघडला तेव्हा गर्दीच्या दिवशी आत जायला वेळेचं तिकीट घ्यावं लागायचं. टोकियोच्या डिस्नीसी पार्कात जून २०२४ मध्ये फँटसी स्प्रिंग्ज हा विभाग उघडला तेव्हाही अ‍ॅपवर पास मिळवल्याशिवाय किंवा जादा पैसे मोजल्याशिवाय सामान्य तिकिटावर तिथे जाता येत नव्हतं. जपानी लोकांना रांग शिकवावी लागत नाही, तरी त्यांनी आकडा दारातच बांधला.

वाट बघणं कमी करण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग १९९९ चा, डिस्नीचा फास्टपास. यंत्रात तिकीट घालायचं, परत यायची वेळ छापून घ्यायची आणि तोवर मोकळं फिरायचं. फुकट होता. ऐकायला फार छान. पण नंबर लावून मोकळा झालेला माणूस जातो कुठे? दुसऱ्या रांगेत. आणि पासवाल्यांना आधी सोडल्यामुळे साध्या रांगेतला माणूस आणखी मागे पडतो. गाडीतल्या जागा काही वाढलेल्या नसतात. २०२१ मध्ये फुकटचा पास गेला आणि त्याच्या जागी पैशांचा आला. युनिव्हर्सलमध्ये तर जादा पैशांची वेगळी रांग कितीतरी आधीपासून होती.

डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकाने १९८५ मध्ये ताटकळणाऱ्या माणसाच्या मनाबद्दल लिहिलं, ते मला फार पटतं. रिकामं उभं राहणं लांब वाटतं. किती वेळ लागेल हे माहीत नसलं तर आणखी लांब. उशिराचं कारण कळलं नाही तर त्याहून. आणि आपल्या डोळ्यांदेखत कुणी पुढे गेलं तर ते सगळ्यात जड जातं. थीम पार्कांनी यातलं पहिलं नीट उचललं, रांगेच्या वाटेवरच देखावे आणि खेळ मांडले. मिनिटांचे फलकही लावले. शेवटच्या मुद्द्याचं मात्र त्यांनी दुकान केलं.

मुंबईत पाळण्यांची बाग म्हणजे बराच काळ एस्सेलवर्ल्ड. १९८९ ला गोराईत सुरू झालं, १९९८ ला शेजारी वॉटर किंगडम आलं. आमच्या पिढीची शाळेची सहल तिथेच. मार्वे किंवा गोराईच्या जेट्टीवर बोटीची पहिली रांग, आणि बोटीने माणसं एकदम घोळक्याने उतरायची म्हणून तिकीटखिडकीवर दुसरी. एप्रिल २०१३ मध्ये इमॅजिका आलं, द्रुतगती मार्गाने बसेस भरून जायला लागल्या, ऐन सुट्टीत. आपल्याकडच्या पार्कांची गर्दी मे महिना, दिवाळी आणि नाताळ यांतच दाटते, कारण शाळा तेव्हाच बंद असतात. एका पार्कात आम्ही सव्वा तास उभे होतो. दाराशी पोचल्यावर पोरगेल्या कर्मचाऱ्याने सांगितलं, राइड बंद आहे. कधीपासून? चाळीस मिनिटं झाली म्हणे. रांगेच्या शेपटाकडे येऊन सांगायला कुणालाच सुचलं नव्हतं. त्या मुलावर राग काढण्यात अर्थ नव्हता, तोही सकाळपासून उभाच होता.

खरं तर रांग सांभाळायची विद्या या शहराला परकी नाही. लालबागच्या राजाच्या दोन रांगा सगळ्यांना ठाऊक आहेत: नवसाची आणि मुखदर्शनाची. एक थेट चरणांपर्यंत जाते आणि तिला कित्येक तास लागतात, कधी दिवस उलटतो. दुसरी लांबून दर्शन देते आणि लवकर सरकते. ज्याला जेवढा वेळ, तेवढं दर्शन. पैसे न लावता गर्दी विभागायची ही रीत मला कुठल्याही फास्टपासपेक्षा प्रामाणिक वाटते. खास पाहुण्यांच्या वेगळ्या वाटेवरून दर वर्षी लोक चिडतात, ते याच कारणाने. अंगारकीला सिद्धिविनायकाची रांग आदल्या रात्रीच लागते, पण डोक्यावर मांडव असतो, पाणी मिळतं, म्हातारी माणसं टेकतात. तिरुमलाला तर वाट बघायला दालनंच बांधली आहेत आणि टोकनावर वेळ नेमून मिळते.

जिथे रांग मोडते तिथे काय होतं तेही आपण पाहिलंय. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत तीनशेच्या आसपास माणसं गेली. अरुंद वाट, दुतर्फा दुकानं, आग. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पावसाच्या सरीत २३ जण गेले. पेंग्विन कक्ष उघडून तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. त्या बातमीनंतर मला ‘पुढे चला, पुढे चला’ वेगळं ऐकू यायला लागलं. कुठल्याही नव्या जागेत किती माणसं आत सोडायची हा आकडा आधी ठरायला हवा. सजावट, उद्घाटन, पाहुण्यांची यादी, हे सगळं त्यानंतर.

राणीबागेत पुढे ऑगस्ट २०१७ पासून मोठ्यांचं तिकीट ५ रुपयांवरून ५० झालं. पालिकेला खर्च होता, ते मान्य. पण तिकीट वाढवून गर्दी कमी करणं म्हणजे डिलाईल रोडच्या, धारावीच्या घरांतल्या पोरांना आधी वगळणं. चौघांच्या कुटुंबाला मिळून १०० रुपयांचं सवलतीचं तिकीट ठेवलं हे बरं झालं.

मार्च २०२५ च्या अखेरीस मलबार हिलवर, कमला नेहरू पार्कच्या बाजूला, झाडांमधून जाणारी लाकडी पायवाट उघडली. ४८५ मीटर लांब, २.४ मीटर रुंद, तिकीट २५ रुपये. इथे पालिकेने आकडा दारातच बांधला: ऑनलाइन नोंदणी, तासाचा स्लॉट, ठरावीक माणसं. मी पहिल्याच महिन्यात गेले. वाटेवर कोपराला कोपर लागत नव्हता. भाचा आता चौदा वर्षांचा, तो रेलिंगला टेकून खालच्या समुद्राकडे निवांत बघत उभा राहिला, त्याला कुणी हाकललं नाही.

दाराशी मात्र गिरगावातून आलेलं एक वयस्कर जोडपं थांबलं होतं. नोंदणी करून यायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं, फोन साधा होता. भाच्याने स्वतःच्या फोनवरून त्यांची तिकिटं काढली. जागा मिळाली ती दोन तासांनंतरची. आजी म्हणाल्या, चालेल की, वेळ कळली ना. मग आजोबांना घेऊन त्या बागेतल्या सावलीच्या बाकाकडे निघाल्या.