वयात येण्याची गोष्ट कोण सांगतं?

सोळा-सतरा वर्षांचा नायक किंवा नायिका, एक जिवाभावाची मैत्री, पहिलं प्रेम आणि ‘मी नेमका कोण’ हा छळणारा प्रश्न. एवढ्या भांडवलावर आज ढिगाने कादंबऱ्या निघतात, आणि त्यांच्यासाठी ‘यंग अ‍ॅडल्ट’ (म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठी) अशी पाटी लावलेलं वेगळं कपाटही असतं. गोष्ट जुनीच आहे, कपाट अलीकडचं. मधल्या काळात विषय फारसा बदलला नाही. बदलला तो गोष्ट सांगणारा.

अशा गोष्टींची सुरुवात सहसा जर्मन लेखक गटेपासून धरतात. त्याच्या १७९५-९६ मधल्या कादंबरीतला विल्हेल्म माइस्टर हा व्यापाऱ्याचा मुलगा. घरचा धंदा सोडून तो नाटकवाल्यांच्या नादी लागतो, प्रेमात पडतो, ठेचा खातो. शेवटाकडे कळतं की एक गुप्त मंडळ बरंच आधीपासून त्याच्यावर नजर ठेवून होतं. मनोऱ्यातल्या दालनात त्याच्या हाती उमेदवारी पुरी झाल्याचा दाखला पडतो, आणि तिथल्या गुंडाळ्यांमध्ये त्याच्याच आयुष्याची हकिगत लिहून ठेवलेली असते! पोराने धडपडायचं आणि जाणत्यांनी नोंद ठेवायची, ही वाटणी पुढे शंभरएक वर्षं टिकली. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधला (१८६०-६१) पिप स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो खरा, पण सांगतो तो मोठा झाल्यावर, लहानपणीच्या आपल्या मूर्खपणाला हसत आणि ओशाळत.

‘लिटल विमेन’ १८६८ मध्ये आली ती प्रकाशकाने ‘मुलींसाठी काहीतरी लिहा’ म्हणून लुइसा मे अल्कॉटच्या मागे लागल्यामुळे. पहिला भाग वाचून मुलींची पत्रं येऊ लागली: नायिका जो आणि तिचा शेजारी मित्र लॉरी यांचं लग्न लावा. अल्कॉटने मुद्दामच ते लावलं नाही. वाचक मुलं आपल्या गोष्टीवर हक्क सांगू लागली होती, एवढं मात्र त्या पत्रांतून दिसतं.

खरी कलाटणी साहित्याने नव्हे, शाळेने दिली, असं मला वाटतं. अमेरिकेत १९१० मध्ये हायस्कूल पुरं करणारी मुलं शंभरात जेमतेम नऊ होती. १९४० पर्यंत ती निम्म्यावर गेली. एरवी शेतावर किंवा कारखान्यात मोठ्या माणसांच्या हाताखाली वाढणारी पोरं आता दिवसभर समवयस्कांत राहू लागली. गुरूची जागा मित्राने घेतली, आणि कादंबरीतही तेच झालं. किशोरवय हा आयुष्याचा वेगळा टप्पा आहे, हे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल १९०४ मध्येच दोन जाडजूड खंडांत मांडून बसला होता.

या नव्या वाचकाला आधी ओळखलं ते ग्रंथपालांनी. बाल्टिमोरच्या मार्गारेट एडवर्ड्स तर १९४० च्या दशकात घोडागाडीत पुस्तकं भरून गरीब वस्त्यांतल्या मुलांपर्यंत पोहोचल्या. त्याच सुमारास, १९४२ मध्ये, मॉरीन डॅलीची ‘सेव्हन्टीन्थ समर’ आली. लेखिका नुकती विशीत आलेली, नायिका सतरा वर्षांची. नऊ वर्षांनी सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’मधला होल्डन कॉलफील्ड बोलू लागला, तोही घटना घडून वर्ष उलटायच्या आत, राग अजून ताजा असताना. ही दोन्ही पुस्तकं निघाली मोठ्यांसाठी. मुलांनी ती आपलीशी केली.

मग आली सुझन हिन्टन. अमेरिकेतल्या टल्सा शहरातल्या शाळेत असताना, पंधराव्या-सोळाव्या वर्षी, तिने ‘द आउटसायडर्स’ लिहायला घेतली. कारण साधं होतं: आजूबाजूला दिसणाऱ्या टोळ्या, मारामाऱ्या, श्रीमंत-गरीब पोरांमधलं वैर तिला हाती येणाऱ्या पुस्तकांत कुठे सापडेना. लिहीत होती त्या वर्षी सर्जनशील लेखनाच्या तासाला तिला ‘डी’, म्हणजे जेमतेम पास होण्याइतका शेरा, मिळाला. पुस्तक १९६७ मध्ये निघालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मुलीने लिहिलेली मुलग्यांची गोष्ट म्हणून समीक्षक नाकं मुरडतील, या धास्तीने मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरं छापली गेली. कथेचा निवेदक पोनीबॉय चौदा वर्षांचा. आई-वडील अपघातात गेलेले, घर तीन भावांचं, आणि टोळीतले मित्र हेच गणगोत. मनोरा नाही, दाखला देणारं कुणी नाही. एका पोराची गोष्ट दुसरं पोर लिहीत होतं.

मैत्रीला जागा मिळाली, प्रेमाला मात्र झगडावं लागलं. कादंबरीतल्या मुलीने मर्यादा ओलांडली की तिला शिक्षा ठरलेलीच. लेखिका ज्युडी ब्लूमच्या लेकीने आईकडे मागणी केली: दोघं एकमेकांच्या जवळ येतात आणि तरी कुणी मरत नाही, असं पुस्तक लिही. त्यातून १९७५ ची ‘फॉरेव्हर’ झाली.

समलिंगी प्रेमाची वाट आणखी खडतर. जॉन डोनोव्हनच्या १९६९ मधल्या कादंबरीत दोन मुलं जवळ येतात, पुढे एकाचा कुत्रा गाडीखाली सापडतो, आणि त्या पोराला वाटतं हे आपल्याच पापाचं फळ. सुखान्तासाठी नॅन्सी गार्डनच्या, दोन मुलींच्या प्रेमावरच्या, ‘अ‍ॅनी ऑन माय माइंड’पर्यंत, म्हणजे १९८२ पर्यंत, थांबावं लागलं. ते सुखही कुणाच्या डोळ्यांत सलायचं राहिलं नाही. १९९३ मध्ये कॅन्सस सिटीत या पुस्तकाची प्रत जाळली गेली आणि जवळच्या ओलेथच्या शाळांनी ते कपाटातून काढून टाकलं. विद्यार्थी आणि पालक कोर्टात गेले. १९९५ मध्ये न्यायाधीशाने पुस्तक परत ठेवायला लावलं. पुस्तकातल्या मुलींसाठी बाहेरची मुलं भांडली आणि जिंकली.

२००० पासून या प्रकाराला स्वतःचा प्रिन्ट्झ पुरस्कारही मिळाला, आणि तोवर प्रथमपुरुषी निवेदन जवळजवळ नियम झालं होतं. आज या पुस्तकांत मागे वळून पाहणारा म्हातारा निवेदक शोधूनही सापडायचा नाही. अर्थात लिहिणारे बहुतेक मोठेच. बेंजामिन आलिरे साएन्झची अ‍ॅरिस्टॉटल आणि डान्टे या दोन मुलांची कादंबरी २०१२ मध्ये आली. ती घडते १९८७ च्या, टेक्सासमधल्या एल पासो शहरात, निवेदक पंधरा वर्षांचा, त्याला स्वतःच्या मनातलं प्रेम शेवटापर्यंत उमगत नाही, ते आई-वडीलच आधी ओळखतात. साएन्झने तेव्हा पन्नाशी कधीच ओलांडली होती, आणि स्वतः समलिंगी असल्याचं त्यानेही उघडपणे मान्य केलं ते पन्नाशीतच.