तंत्रस्नेही व वाचनतज्ज्ञ शिक्षक (पुणे)

लहान मुलांना वाचायला-लिहायला शिकवणे आणि त्यासाठी वर्गात संगणक, मोबाइल, प्रोजेक्टर वापरणे, या दोन्हींत विशेष तयारी केलेले शिक्षक. पुण्याच्या शालेय वर्तुळात त्यांना ‘तंत्रस्नेही’, ‘विषयतज्ज्ञ’, ‘साधनव्यक्ती’ म्हणतात. यांतला तंत्रस्नेही हा बहुतेकदा आस्थापनेवर साधा उपशिक्षकच असतो आणि पगारही त्याच श्रेणीत घेतो. विषयतज्ज्ञ आणि साधनव्यक्ती बव्हंशी कंत्राटी. म्हणून ही कारकीर्द बढतीपेक्षा प्रतिनियुक्ती, करार आणि मानधन यांवरच उभी राहते.

राज्याच्या शालेय शिक्षणाचा कारभार पुण्यातून चालतो, म्हणून अशी माणसे येथे गोळा होतात. शिक्षण आयुक्तालय, परीक्षा परिषद, सदाशिव पेठेतील शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, सेनापती बापट रस्त्यावरची बालभारती म्हणजे पाठ्यपुस्तक मंडळ (स्थापना १९६७) ही सारी येथेच. जिल्हा परिषदेचा शिक्षक पाठ्यपुस्तक मंडळाच्या कार्यगटात किंवा प्रशिक्षण साहित्याच्या कार्यशाळेत बोलावला जातो आणि तिथून त्याची वाट बदलते. १९८४ साली सुरू झालेली बालचित्रवाणी दूरदर्शनसाठी शालेय कार्यक्रम तयार करी. २०१७ मध्ये ती बंद झाली. त्याच वर्षी ‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचे डिजिटल शिक्षणसाहित्याचे व्यासपीठ आले, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊ लागले आणि स्टुडिओतले काम शिक्षकाच्या मोबाइलवर उतरले.

प्रवेशाची वाट इतर शिक्षकांसारखीच: दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीचे ‘पवित्र’ पोर्टल. पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक; प्राथमिकचे मानधन २०२३ मध्ये महिना ६,००० वरून १६,००० रुपये झाले. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र बहुतेकांकडे असतेच, पण त्याने संगणक हाताळता येतो, वाचन शिकवता येत नाही. पदविकेतही आरंभिक वाचनाला मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही. ते कसब नोकरीत लागल्यावर, बहुधा एखाद्या जुन्या बाईंच्या वर्गात बसून येते.

हे कसब म्हणजे काय, ते अक्षरगटांवरून कळते. मुळाक्षरे अ-आ-इ अशा क्रमाने घोकून न घेता क, म, न, ल आणि काना एवढेच आधी दिले, तर काम, कान, नाक, मान, लाल, कलम, कमाल असे खरे शब्द पहिल्या काही दिवसांतच मुलाच्या हाती लागतात. पुढचा गट कोणता घ्यायचा, वेलांटी कधी आणायची, जोडाक्षरांना किती थांबायचे, हे ठरवणे वाचनतज्ज्ञाचे काम. तंत्रज्ञानाचा प्रश्न नेमका इथे येतो. संगणकावरच्या पुष्कळ देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ हिंदी वळणाचा, दांडीचा असतो. पुस्तकात पाकळीचा ‘ल’ शिकलेले पहिलीतले मूल पडद्यावर अडखळते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली कार्यपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो. हे आधीच हेरणारा शिक्षक तंत्रस्नेही म्हणवून घेण्यास पात्र; एरवी त्या बिरुदाच्या वाट्याला पोर्टलवर माहिती भरण्याचेच काम येते, आणि ते काम शिकवणे नव्हे.

तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट ठेवणाऱ्या निपुण भारत अभियानाने (२०२१) वाचनतज्ज्ञांची मागणी वाढवली. सरकारी चाकोरीत पुढे विभागीय परीक्षेने केंद्रप्रमुख (काही शाळांच्या गटाचा प्रमुख) होता येते किंवा डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, जाता येते. बाहेर पडणाऱ्यांसाठी ‘प्रथम’, सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस, ज्ञानप्रबोधिनी अशा संस्था आहेत. पालकनीती परिवाराचे खेळघर कोथरूडच्या वस्तीतील मुलांबरोबर काम करते. अशा संस्थांत वेतन निधीवर अवलंबून, पण वर्गात प्रयोग करायला मोकळीक जास्त. खासगी ॲप कंपन्या पैसा बरा देतात. त्यांच्याकडे पाठ लिहिता येतो, मूल मात्र समोर नसते.

प्रौढ साक्षरतेची धारा निराळी. कोथरूडच्या भारतीय शिक्षण संस्थेत चित्रा नाईक यांनी अनौपचारिक शिक्षणाचे काम उभे केले. केंद्र सरकारच्या सध्याच्या ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात (२०२२–२७) शिकवणारे स्वयंसेवक असतात आणि त्यांना मानधन नाही. असाक्षरांचा शोध व नोंदणी बहुतांशी शाळेतल्या शिक्षकांवरच येते.