परदेशातून रोप, कलम किंवा बियाणं मागवायचंय? आधी परवाना, मग ऑर्डर

परदेशातून झाड आणता येतं का, या प्रश्नाचं उत्तर ‘येतं’ असंच आहे. सरकारचा आक्षेप झाडावर नसतो, झाडाबरोबर लपून येणाऱ्या किडीवर, बुरशीवर, विषाणूवर आणि तणाच्या बियांवर असतो. नागपुरात हा प्रश्न विचारणारे मुख्यतः दोन प्रकारचे. एक म्हणजे काटोल, नरखेड, वरुडकडचे संत्रा बागायतदार आणि रोपवाटिकावाले. त्यांना बाहेरची बिनबियांची जात किंवा वेगळा खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळासकटचं रोप) लावून पाहायचा असतो. दुसरे गच्चीवर बाग करणारे हौशी. त्यांना थायलंडचं अडेनियम किंवा कुठलं तरी निळं-जांभळं बी मोबाइलवर दिसतं आणि बोट ‘बाय नाऊ’वर जातं. कळमना बाजारात कडधान्याचा व्यवहार करणारे तिसरे, पण त्यांच्याकडे मुरलेले एजंट असतात.

मूळ कायदा जुना आहे, 1914 सालचा, विध्वंसक कीटक व कीड अधिनियम. आज प्रत्यक्षात जे नियम लागू होतात ते त्याखाली काढलेल्या ‘वनस्पती विलगीकरण (भारतातील आयातीचे नियमन) आदेश, 2003’ मधले. विलगीकरण म्हणजे क्वारंटाइन. हा आदेश 1 जानेवारी 2004 पासून लागू झाला आणि त्यात सतत दुरुस्त्या होत असतात. म्हणून कुणी पाच वर्षांपूर्वी काय आणलं होतं यावर विसंबून राहू नका. अंमलबजावणी केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या वनस्पती संरक्षण, विलगीकरण व साठवण संचालनालयाकडे आहे. मुख्यालय फरिदाबादला. जिल्हा कृषी अधीक्षक किंवा तालुका कृषी अधिकारी यांच्याकडे आयातीचा परवाना मिळत नाही, तेव्हा तिकडे चकरा मारण्यात अर्थ नाही.

एवढी कडकाई कशासाठी, असं वाटत असेल तर शेताच्या बांधावरचं गाजर गवत आठवा. ते परदेशी गव्हाबरोबर देशात आलं असं मानलं जातं आणि पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं. टोमॅटोवरची नागअळी 2014 मध्ये आपल्याकडे सापडली, मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये. संत्र्याच्या बागांत रोग-किडी आधीच आहेत: डिंक्या आहे, कोळशी आहे, सिल्ला आहे, ग्रीनिंग आहे. पण ब्राझीलच्या संत्रा बागा ज्या जिवाणूने पोखरल्या तो झायलेला आपल्या लिंबूवर्गीय बागांत नाही, आणि तो येण्याचा सोपा रस्ता म्हणजे बाहेरून आणलेली, वरून अगदी निरोगी दिसणारी कलमकाडी. पिशवीतून चार काड्या आणल्या तर काय बिघडलं, असं म्हणणाऱ्याला हे सांगावं लागतं.

खायला की लावायला?

अर्ज भरण्याआधी हे ठरवा, कारण पुढचं सगळं यावरच फिरतं. तीच तूर डाळीसाठी येत असेल तर नियम वेगळे, पेरायला येत असेल तर वेगळे. खाण्यासाठी किंवा प्रक्रियेसाठी आणायच्या मालाचा अर्ज पीक्यू (प्लँट क्वारंटाइन) 01 नमुन्यात होतो, पेरणी-लागवडीसाठी पीक्यू 02 मध्ये. खाण्याच्या नावाखाली आणून पेरायचं, ही हुशारी करू नका. परवान्यावर वापराचा हेतू लिहिलेला असतो.

मग आपली वस्तू 2003 च्या आदेशाच्या कुठल्या अनुसूचीत (यादीत) बसते ते पाहायचं. अनुसूची 4 म्हणजे ठरावीक देशांतून पूर्ण बंदी. अनुसूची 5 मधला माल नेमलेल्या संस्थेच्या शिफारशीशिवाय येत नाही. अनुसूची 6 मध्ये परवाना मिळतो, पण प्रत्येक पिकासमोर, प्रत्येक देशासमोर जादा घोषणा (माल अमुक रोग-किडीपासून मुक्त असल्याची लेखी हमी) आणि खास शर्ती लिहिलेल्या असतात. अनुसूची 7 सगळ्यात सोपी. हा खाण्या-वापरण्याचा माल, त्याला आयात परवाना लागत नाही, निर्यातदार देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आणि इथली तपासणी पुरते. अनुसूची 8 ही तणांची यादी. त्यातलं बी मालात निघालं तर अडचण.

यादीत शोधताना वनस्पतीचं शास्त्रीय नाव, येणारा भाग (बी, कलम, खोड, फळ) आणि देश, तिन्ही जुळायला हवं. स्पेनमधून परवानगी आहे म्हणजे तुर्कस्तानातूनही आहे, असं नसतं. आणि तुमचं पीक किंवा तुमचा देश कुठल्याच यादीत नसेल तर ‘बंदी नाही, म्हणजे मोकळं’ असा अर्थ काढू नका. उलट आहे. अशा वस्तूचं आधी कीड-जोखीम विश्लेषण होतं, मग ती यादीत घातली जाते, त्यानंतर परवान्याचा विषय निघतो. हौशी माणसाने इथेच थांबलेलं बरं, कारण यात बराच काळ जातो.

लागवडीसाठी: अर्ज, कागद आणि त्यांचा क्रम

अर्ज ऑनलाइन होतो, संचालनालयाच्या पीक्यूएमएस (प्लँट क्वारंटाइन मॅनेजमेंट सिस्टिम) पोर्टलवर. धंद्यासाठी आणणार असाल तर आयात-निर्यात कोड हाताशी ठेवा. विक्रेत्याचं नाव-पत्ता, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, शास्त्रीय नाव, जात, नग किंवा वजन, कुठल्या देशात वाढवलेलं आहे (विकणारा देश आणि वाढवणारा देश वेगळे असू शकतात), कुठल्या बंदरावर किंवा विमानतळावर उतरणार, हे भरावं लागतं. बियाणं आणि फळझाडांच्या लागवड साहित्याला केंद्रीय कृषी विभागाच्या एक्झिम (आयात-निर्यात) समितीची संमती लागते का, हेही याच टप्प्यावर पाहून घ्या. जीएम (जनुकीय बदल केलेलं) बियाणं असेल तर तो मार्गच वेगळा, त्याला जैवतंत्रज्ञानाच्या नियामकांची मान्यता आधी लागते.

लोक अडकतात ते क्रमात. परवाना हातात येतो तेव्हा त्यावर छापलेल्या शर्ती विक्रेत्याला पाठवायच्या. तो त्या घेऊन आपल्या देशाच्या वनस्पती संरक्षण खात्याकडे जातो. ते खातं माल तपासून फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र) देतं आणि परवान्यात मागितलेली जादा घोषणा त्यावर नमूद करतं. त्यानंतर माल निघतो. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. पैसे आधी जातात, रोपं निघतात, आणि ती विमानात असताना इकडे परवान्याचा अर्ज भरला जातो. माल निघाल्यानंतरच्या परवान्याचा उपयोग नाही.

प्रमाणपत्र आलं की स्कॅन मागवून ओळ न् ओळ वाचा, माल निघण्याआधी. एका कोपऱ्यात ‘वनस्पतीचे शास्त्रीय नाव’ असा रकाना असतो. तिथे ‘ऑर्नामेंटल प्लांट’ असं मोघम लिहिलं असेल आणि परवान्यावर ‘अडेनियम ओबेसम’ असेल, तर विलगीकरण अधिकारी ते एकच आहे असं मानून घेणार नाही. खाली ‘जादा घोषणा’चा मोकळा चौकोन असतो. परवान्यात अमुक विषाणूपासून मुक्त असल्याची घोषणा मागितली आहे आणि चौकोन कोरा आहे, हा फार नेहमीचा दोष. धुरी दिली असेल तर औषध, मात्रा, तास आणि तापमान यांचाही रकाना आहे. विक्रेत्याने स्वतःच्या लेटरहेडवर ‘आमची रोपं रोगमुक्त आहेत’ असं लिहून दिलेलं पत्र म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे. ते सरकारी खात्याचंच हवं. परवाना दुसऱ्याच्या नावावरही फिरवता येत नाही, तेव्हा मित्राच्या परवान्यावर आपली चार झाडं घुसवायचा विचार सोडा.

मातीचं तर स्पष्टच आहे. झाडांबरोबर माती, वाळू, कंपोस्ट, पालापाचोळा काहीही चालत नाही. रोप उघड्या, धुतलेल्या मुळांनी यायला हवं. भरणीला गवत, पेंढा, भुसा नको. लाकडी खोकं किंवा पॅलेट असेल तर त्यावर आयएसपीएम 15 या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का लागतो: कणसाचं चिन्ह, देशाचा कोड, आणि उष्णतेची प्रक्रिया असेल तर ‘एचटी’. म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियस तापमान सलग 30 मिनिटं. जाता जाता, हा शिक्का झाडांपुरता नाही. बुटीबोरी किंवा मिहानच्या कारखान्यांत परदेशी मशीन मागवणाऱ्यांच्या खोक्यांनाही तो लागतो, आणि मशीनचे सगळे कागद चोख असूनही लाकडापायी कंटेनर अडतो.

विलगीकरणाची जाळीघरं

बागायतदाराला खरा खर्च इथे येतो. अनुसूची 5 आणि 6 मधल्या अनेक लागवड साहित्यांना आयातीनंतरचं विलगीकरण सक्तीचं आहे. आलेली कलमं थेट शेतात किंवा रोपवाटिकेत जात नाहीत. ती कीटक शिरणार नाही अशा जाळीच्या, इतर झाडांपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत ठरावीक काळ वाढवायची. ही जागा आधी नेमलेल्या निरीक्षण अधिकाऱ्याकडून तपासून प्रमाणित करून घ्यावी लागते आणि ते प्रमाणपत्र पीक्यू 02 अर्जासोबत जोडायचं असतं. म्हणजे जाळीघर परवान्याच्या आधी. त्या काळात एक काडीही बाहेर न्यायची नाही, डोळे भरायला (कळी बसवून कलम करायला) द्यायची नाही, तपासनीस येतील तेव्हा दार उघडायचं. रोग दिसला तर झाडं नष्ट करतात, आणि भरपाई मिळेल या आशेवर राहू नका.

म्हणून शेंदुरजना घाटच्या एखाद्या रोपवाटिकावाल्याने मला विचारलं तर मी आधी अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत चौकशी करायला सांगेन. तुम्हाला हवी असलेली जात तिथे किंवा दुसऱ्या संशोधन केंद्रात आधीच आली, तपासली गेली असण्याची शक्यता बरीच असते. कटर व्हॅलेन्सिया मोसंबी, फ्लेम ग्रेपफ्रूट अशा परदेशी जातींवर या संस्थेने काम केलेलं आहे. तपासलेल्या मातृवृक्षाचा डोळा आपल्याच जंबेरीच्या खुंटावर भरायला मिळत असेल तर मुंबईच्या गोदामात अडकलेल्या पार्सलचा ताप कशाला? आपला संत्राही भोसल्यांच्या काळात औरंगाबादेहून आणला असं सांगतात. पण ते दिवस वेगळे होते.

संशोधनासाठी, थोड्या प्रमाणात वाण आणायचे असतील तर अर्ज दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे जातो. विदर्भात त्यांचं केंद्र अकोल्याला आहे. ही वाट मुख्यतः संस्था, विद्यापीठं आणि बियाणे कंपन्यांसाठी आहे.

उतरवायचं कुठे?

लागवडीचं साहित्य वाटेल त्या विमानतळावर उतरत नाही. मूळ आदेशात त्यासाठी अमृतसर, चेन्नई, कोलकाता, मुंबई आणि नवी दिल्ली ही ठिकाणं दिली आहेत, आणि सरकार अधिसूचना काढून आणखी जोडू शकतं. नागपूरकरांना सोयीचं मुंबई. तिथलं प्रादेशिक विलगीकरण केंद्र शिवडीला, हाजी बंदर रोडवर आहे. परवान्यावर प्रवेशस्थान मुंबई असेल तर माल मुंबईतच उतरवा.

माल पोचला की कस्टम्सच्या बिल ऑफ एंट्रीबरोबर (आयात मालाचं घोषणापत्र) विलगीकरणाचा अर्जही जातो. सोबत परवाना, मूळ फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, एअरवे बिल किंवा बिल ऑफ लेडिंग (विमानाची किंवा जहाजाची माल-पावती). फी भरली की नमुने घेतात, गरज पडली तर प्रयोगशाळेत पाठवतात. सगळं ठीक असेल तर सुटकेचा आदेश मिळतो. कीड सापडली तर धुरी किंवा दुसरी प्रक्रिया, तुमच्या खर्चाने. त्याने भागणार नसेल तर माल परत पाठवणं किंवा जाळणं, तोही खर्च तुमचाच. नागपुरात बसून हे सगळं फोनवर निस्तरता येत नाही. जिवंत रोपं आणायची असतील तर मुंबईत रोपांचं काम केलेला कस्टम हाउस एजंट (कस्टम्समधून माल सोडवून देणारा) गाठा. मशीनरी सोडवणारा एजंट इथे फारसा कामाचा नाही.

बॅगेतून आणि पोस्टाने

शारजा किंवा दोह्याहून नागपूरला उतरणाऱ्यांसाठी थोडक्यात. स्वतःच्या वापरासाठी दोन किलोपेक्षा कमी फळं, भाज्या, तोडलेली फुलं किंवा हार असतील तर आयात परवान्याची अट नाही. अधिकारी तपासू मात्र शकतात. ही सवलत बियाणं, रोप, कलम किंवा कंद यांना नाही. सीमाशुल्काच्या घोषणापत्रात बियाणं, रोपं, फळं, फुलं यांचा रकाना आहे. तुमच्याकडे असेल तर ‘हो’ लिहा. ओल्या टिशूत गुंडाळून सॉक्समध्ये ठेवलेली काडी एक्स-रेत दिसते.

ऑनलाइन मागवलेल्या बियांच्या पाकिटालाही हेच नियम. साइटवर ‘शिप्स टु इंडिया’ लिहिलेलं असणं म्हणजे परवाना नव्हे. विक्रेता पाकिटावर ‘मणी’ किंवा ‘गिफ्ट’ लिहून पाठवतो म्हणाला तर अशा विक्रेत्याकडून घेऊच नका. बी खरं निघेल याचीही मग खात्री नाही. ऑर्किड आणि बहुतेक निवडुंगांना तर साइट्स या संकटग्रस्त वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची वेगळी कागदपत्रं लागतात, रोपवाटिकेत वाढवलेली असली तरी.

आणि न मागवता पाकीट आलं तर? 2020 मध्ये अनेक देशांत लोकांच्या घरी अनोळखी बियांची पाकिटं येऊ लागली, तेव्हा आपल्या कृषी मंत्रालयानेही राज्यांना सावध केलं होतं. असं पाकीट फोडू नका, कुंडीत पेरून पाहू नका, कचऱ्यातही टाकू नका. वेष्टनासकट दुसऱ्या पिशवीत बंद करून कृषी विभागाच्या कार्यालयात नेऊन द्या.