बिटमॅप लोड करणे (मोबाइल ॲप)

ॲपसोबत दिलेली पीएनजी, जेपीईजी किंवा वेबपी फाइल उलगडून तिचे पिक्सेल मेमरीत बिटमॅप म्हणून, म्हणजे एकेका पिक्सेलचा रंग सुटा नोंदवून, मांडण्याची क्रिया. अँड्रॉइडमध्ये हे काम बिटमॅपफॅक्टरी या क्लासकडे असते; ॲपच्या रिसोर्समधले चित्र त्याच्या डीकोडरिसोर्स या मेथडने मिळते.

फाइलची साइझ येथे हमखास चकवते. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील देवळांची यादी दाखवणारे ॲप घ्या. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभाचा ३००० × ४००० पिक्सेलचा उभा फोटो जेपीईजीत चार-पाच एमबीत मावतो. उलगडला, की एआरजीबी ८८८८ (पारदर्शकता, लाल, हिरवा, निळा यांना प्रत्येकी ८ बिट) या नेहमीच्या मांडणीत दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट, सुमारे ४८ एमबी. एकट्या दीपस्तंभाला! त्याच यादीत कवळे, म्हार्दोळ इथल्या देवळांचे असेच फोटो आले, की ॲप आउट ऑफ मेमरी म्हणत बंद पडू शकते. आरजीबी ५६५ (दर पिक्सेलला २ बाइट) या मांडणीत खर्च निम्म्यावर येतो, पण पारदर्शकता जाते आणि स्तंभामागच्या आभाळात रंगांचे पट्टे उमटू शकतात.

म्हणून फाइल दोनदा वाचतात. पहिल्या खेपेस इनजस्टडीकोडबाउंड्स हा पर्याय चालू ठेवून फक्त लांबी-रुंदी विचारायची. पिक्सेलना हात लावायचा नाही. मग इनसॅम्पलसाइझ (चित्र दोन्ही बाजूंनी किती पट लहान वाचायचे तो आकडा) ठरवून खरे वाचन. यादीतल्या चौकटीला ३०० × ४०० पुरत असेल, तर ८ द्यावा: चित्र ३७५ × ५०० होते आणि साडेसात लाख बाइटांत, म्हणजे मूळच्या चौसष्टाव्या हिश्श्यात, भागते. १० दिला तरी तो २ च्या घातावर, म्हणजे ८ वरच, उतरवला जातो. हे वाचन मुख्य थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन रंगवणाऱ्या कामाच्या ओळीतच, केल्यास यादी सरकताना अडखळते. ग्लाइड, कॉइल या लायब्ररी ही सगळी उठाठेव कॅशसकट (उलगडलेले चित्र पुन्हा वापरायला जपून ठेवण्यासकट) सांभाळतात. स्वतः लिहिण्याचा हट्ट क्वचितच फळतो.

फोल्डरची चूक अधिक छुपी. ॲपची चित्रे ठेवायच्या नुसत्या ड्रॉएबल फोल्डरमधले चित्र १६० डीपीआयचे (इंचाला १६० ठिपके) धरले जाते. ४८० डीपीआयच्या फोनवर डीकोडरिसोर्स ते दोन्ही बाजूंनी तिप्पट करते, म्हणजे मेमरी नऊपट. फोटो असेल तर तो ड्रॉएबल-नोडीपीआयमध्ये ठेवावा; तिथले चित्र असे मोठे केले जात नाही.

अँड्रॉइड ८.० पासून (२०१७) पिक्सेल जावा हीप या ॲपला मोजून मिळणाऱ्या मेमरीबाहेर, नेटिव्ह मेमरीत राहतात. ॲपवरची मर्यादा त्याने सैल झाली; फोनची रॅम काही वाढली नाही.

आयफोनवर यूआयइमेज (तिथला चित्राचा क्लास) नावाने मागवली, की सिस्टीम ती कॅशमध्ये ठेवते. बटणांच्या आयकॉनना ते सोयीचे. एकदाच दाखवायच्या दीपस्तंभाला फाइलच्या पाथवरून लोड केलेले बरे.